पट्टीवरचा थेंब

सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, तिच्यापाशी या. रात्रभर ती उभी आहे. इंजिन गार झालं आहे आणि दिवसभर वर फिरलेलं सगळं ऑइल थेंबाथेंबानं उतरून खाली चेंबरात जमलं आहे. कामावर निघायची घाई असेल तर आज राहू द्या, रविवारी करू. या तपासणीला अर्धा तास लागतो आणि त्यातला बराचसा वेळ नुसतं थांबण्यात जातो.

बोनेट अजून उघडू नका. आधी खाली वाका आणि गाडी उभी होती तिथली फरशी बघा. काळा डाग दिसतो का? दिसला तर बोट लावा. ओला आहे, की जुन्याच डागावर धूळ बसली आहे? टायमिंग बेल्टच्या बाजूला आहे, मधोमध चेंबरच्या बोल्टाखाली आहे, की गिअरबॉक्सकडे? यावरून आत्ताच काही ठरवायचं नाही. बघून मनात ठेवायचं, एवढंच.

मी ज्या गाडीपाशी उभी आहे ती १९९८ची मारुती ८०० आहे. कार्ब्युरेटरवाली, डॅशबोर्डाखाली चोकचं बटण असलेली, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. वडिलांनी घेतली तेव्हा आमच्या साताऱ्याच्या गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती. आज मीटरवर १ लाख ८६ हजार किलोमीटर आहेत. पंधरा वर्षं भरली तेव्हा २०१३ला आरटीओत पासिंग झालं, मग २०१८ला, मग २०२३ला, आणि या शेवटच्या वेळी फी ५,००० रुपये होती, कारण एप्रिल २०२२पासून ती वाढली. पैसे भरताना खिडकीतल्या माणसानं विचारलं, “अजून ठेवणार?” मी हो म्हटलं. जिला ठेवायचं ठरवलं आहे तिला काय पाजायचं, हा प्रश्न म्हणून माझ्यासाठी किरकोळ नाही.

तुमची गाडी वेगळी असेल. सँट्रो असेल, झेन असेल, इंडिका असेल, वडिलांची किंवा सासऱ्यांची असेल. मीटरवर लाखाच्या पुढचा आकडा असेल, आणि दुकानात गेलात की काउंटरवरचा माणूस वर न बघता सांगत असेल, “जुनी आहे ना? मग जाड ऑइल टाका.” हे वाक्य आज आपण सोबत ठेवू. ते खोटं नाही. पण ते कधी खरं होतं आणि कधी नाही, हे गाडीकडूनच कळतं. तिला विचारायला आपण आलो आहोत.

आता बोनेट उघडा, पण नजर आत घालून नुसते उभे राहा. डोळे मिटले तरी चालतील. इंजिनाच्या आत क्रँकशाफ्ट आहे. ती लोखंडी असते आणि बेअरिंगांमध्ये बसलेली असते. रस्त्यावर धावताना ती मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेते आणि प्रत्येक स्फोटाचा दणका तिच्यावर येतो. तरीही नीट चालणाऱ्या इंजिनात तिचं लोखंड बेअरिंगला जवळजवळ टेकत नाही. मधे ऑइल असतं. दोन-चार शतांश मिलिमीटरच्या फटीत, आपल्या केसाहून कमी जागेत, ती तरंगत असते.

हे तरंगणं माणसाला कळलं ते जरा योगायोगानं. १८८३च्या सुमाराला इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. आस खालून तेलात बुडालेला होता आणि वरून बेअरिंगवर भार होता. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला आणि त्या भोकातून तेल उलटं वर उसळू लागलं. त्यांनी बूच लावलं. ते बाहेर आलं. मग लाकडाची खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू वर सरकत निघून आली. शेवटी दाबमापक बसवला. त्याच्यावर २०० पौंडांपर्यंतच्या खुणा होत्या आणि काटा त्यांच्याही पलीकडे गेला. वरून ठेवलेल्या भाराचा सरासरी दाब त्याच्या निम्माही नव्हता. तेल नुसतं ओलावा धरत नव्हतं, फिरणाऱ्या आसाबरोबर ओढलं जाऊन ते त्या चिंचोळ्या फटीत दाब तयार करत होतं आणि सगळा भार उचलून धरत होतं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६मध्ये त्याचं गणित मांडलं. आज मोटारींची इंजिनं त्याच गणितावर चालतात.

ती लाकडी खुंटी जरा वेळ डोळ्यांपुढे धरा. कुणी हात न लावता ती वर येते आहे. तुमच्या गाडीत या क्षणी ते बळ नाही, कारण आस थांबलेला आहे. किल्ली फिरवली की परत उभं राहील. किल्ली फिरवल्यापासून ते उभं राहीपर्यंतचे जे एक-दोन सेकंद असतात, त्यात धातूला धातू घासतो. इंजिनाच्या झिजेतला काही वाटा या सेकंदांचा असतो. घरापासून मंडईपर्यंत आणि परत, अशी दिवसातून चार वेळा किल्ली फिरणारी गाडी हमरस्त्यावर सलग चारशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीपेक्षा जास्त झिजते, त्याचं एक कारण हे.

आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या कण्याखाली बांबूचं एक नळकांडं लोंबायचं, असं वडील सांगायचे. त्यात वंगण असायचं, एरंडेलाचं. वाटेत चाक कुरकुरायला लागलं की बैल थांबवायचे, चाकाची खीळ काढायची, चिंधीनं कण्याला वंगण लावायचं आणि पुढे. कुठल्याशा डब्यावर कॅस्ट्रॉल हे नाव वाचून वडील एकदा खूश झाले होते, कारण तो शब्द कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरूनच आला आहे. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिनं एरंडेलावरच चालत. बैलगाडीचं बरं होतं, कमी पडलं की चाक ओरडून सांगायचं. मोटार सांगते, पण फार उशिरा सांगते.

माझं तसंच झालं. वडील गेल्यावर दोन वर्षांनी गाडी सकाळी चालू करताना निळसर धूर सोडायला लागली. मी एका गॅरेजात नेली. त्यांनी न बघता जुनं ऑइल काढलं आणि जाड २०डब्ल्यू-५० ओतलं, वर धूर बंद करणारी म्हणून एक बाटलीही रिकामी केली. धूर थोडा कमी झाला. मला वाटलं, प्रश्न मिटला. मेमध्ये पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या घाटात ट्रकच्या रांगेमागे गाडी चढत होती आणि डावीकडच्या वळणावर किटलीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकला. वळण संपलं तसा विझला. पुढच्या वळणावर परत लागला. मी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं आणि कित्येक महिन्यांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पट्टीच्या अगदी टोकाला ओल होती. खालच्या खुणेच्याही खाली.

ऑइल जाड होतं, पण होतंच किती. वळणावर आणि चढावर ते चेंबरात एका बाजूला कलत होतं आणि पंपाची जाळी हवा ओढत होती. मी जाड ऑइलावर भरवसा टाकला आणि पट्टी बघायचं सोडलं. ते गॅरेज चुकलं हे खरं, पण ही चूक माझी होती आणि ती आठवली की अजूनही पोटात खड्डा पडतो. वडिलांनी इतकी वर्षं खाल्लेल्या खस्तांवर मी एका दुपारी पाणी सोडणार होते. ढाब्याशेजारच्या दुकानातून लिटरभर ऑइल आणलं, घातलं, अर्धा तास बसून राहिले आणि मग निघाले.

म्हणून आता पट्टी. सावकाश बाहेर ओढा. पहिल्यांदा आलेली पट्टी खरं सांगत नाही, नळीच्या भिंतीचं ऑइल तिला लागलेलं असतं. स्वच्छ फडक्यानं पुसा, सूत न सुटणाऱ्या. परत पूर्ण आत घाला, टेकेपर्यंत. क्षणभर थांबा. मग परत ओढा आणि आडवी धरा. दोन खुणा आहेत, वरची आणि खालची. छोट्या गाड्यांमध्ये त्यांच्यातलं अंतर साधारण पाऊण ते एक लिटराचं असतं. ऑइलची कड कुठे आहे? वरच्या खुणेच्या जरा खाली असेल तर उत्तम. खुणेच्या वर असेल तर तेही चांगलं नाही, फिरणारी क्रँक त्याचा फेस करते आणि फेस भार उचलत नाही.

आता रंग. काळा दिसतो म्हणून घाबरू नका. ऑइलमध्ये काजळी सुटी धरून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यामुळे काळं झालेलं ऑइल आपलं काम करत असतं. दहा हजार किलोमीटर होऊनही मधासारखं स्वच्छ राहिलं तर उलट मला काळजी वाटेल, कारण मग ती घाण इंजिनातच कुठेतरी बसते आहे. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर थांबा, त्यात पाणी आहे. नुसतं झाकणाच्या आत सायीसारखा थर असेल आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर ती इंजिन पुरतं न तापल्यामुळे धरलेली वाफ असू शकते. पण पट्टीवरच साय आली, आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल, तर प्रश्न हेड गॅस्केटचा आहे आणि कुठल्याही ऑइलानं तो सुटणार नाही.

वास घ्या. पेट्रोलचा येतो का? आमच्या गाडीचा चोक जरा जास्त वेळ ओढून ठेवला की यायचा. पेट्रोल मिसळलं की ऑइल पातळ होतं, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. पातळ पडलेल्या ऑइलवर उपाय जाड ऑइल नाही, कार्ब्युरेटर नीट करणं आहे. आता एक थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात घ्या, हळूच चोळा. मऊ लागतो, की बारीक रवा टोचतो? उन्हात धरल्यावर बोटावर चमचम दिसते का? मग एक थेंब टिपकागदावर टाका आणि कागद बाजूला ठेवा. पुढची कामं होईपर्यंत तो पसरत राहील. तो जर मधून गडद आणि कडेकडेला फिकट होत एकसारखा पसरला, तर ऑइलमध्ये घाण वाहून न्यायची ताकद अजून आहे. मधोमध डांबरासारखा काळा गोळा राहिला आणि भोवती नुसतं तेलकट कडं उमटलं, तर ती संपली आहे. माझ्याकडे असे कागद एका वहीत चिकटवलेले आहेत, प्रत्येकाखाली तारीख आणि मीटरचा आकडा.

ती वही मुळात वडिलांची. खंबाटकीनंतर मी गाडीची कागदपत्रं काढली तेव्हा हँडबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात ती सापडली. दर रविवारी एक ओळ. “पाऊण.” “पाऊणच्या खाली, २०० घातलं.” “पाऊण.” पूर्ण वाक्य एकही नाही. त्या वहीवरून मला कळलं की आमची गाडी ९० हजारांनंतर हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल खाते आणि वडिलांच्या शेवटच्या वर्षीही तेवढंच खात होती. म्हणजे रिंगा अचानक गेल्या नव्हत्या. नवं काहीतरी झालं होतं ते फक्त सकाळच्या धुराचं. काही युरोपियन गाड्यांच्या हँडबुकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालू शकतो असं छापलेलं असतं. खाणारी गाडी वाईटच असं नाही. किती खाते हे माहीत नसणं वाईट.

आता किल्ली फिरवा आणि कान देऊन उभे राहा. लाल दिवा किती वेळानं विझला? दोन सेकंदांत विझायला हवा. सुरुवातीला खडखड झाली आणि दोन-तीन सेकंदांत थांबली तर ऑइल वर पोचायला वेळ लागला असं समजा. कधी त्याला ऑइलचा जाडपणा कारण असतो, कधी स्वस्त फिल्टर. फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो कडक झाला की रात्री सगळं ऑइल खाली उतरतं. इंजिन तापल्यावरही टकटक चालूच राहिली, तर ती बहुतेक टॅपेटची असते. आमच्या गाडीच्या टॅपेटला स्क्रू आहेत, फिलर गेजनं फट मापून त्या बसवता येतात. मिस्त्रीचं तासाभराचं काम. जाड ऑइल घातलं की हा आवाज दबतो आणि आपल्याला वाटतं इंजिन सुधारलं. फट तशीच असते. माझा जाड ऑइलवरचा सगळ्यात मोठा राग हा आहे.

धूर बघायला मागे जा. फक्त सकाळी चालू करताना निळा धूर आणि मग स्वच्छ, तर वॉल्व्ह सील. रात्रभरात त्यांच्यातून थोडं ऑइल खाली सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी जळतं. घाटातून उतरताना पाय सोडून परत दाबला की भपकन निळा, तरीही बहुधा सीलच. चढावर, ओझं असताना सारखा निळा, तर रिंगा आणि बोअर. काळा धूर असेल तर ऑइलचा संबंध नाही, पेट्रोल जास्त जातं आहे. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. आतून जोरानं वाफ मारत असेल, झाकण नाचत असेल, तर मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगांच्या कडेनं स्फोटाची हवा खाली येते आहे. पण तसं म्हणायच्या आधी ब्रीदरची नळी तुंबलेली नाही ना हे बघा. शंभर-दोनशे रुपयांच्या नळीपायी हाफ इंजिनचं, म्हणजे रिंगा बदलायचं, काम काढलेलं मी पाहिलं आहे.

इंजिन बंद करा. आता थोडं बसा. दारातली पायरी असेल तर तिच्यावर.

जे दिसलं ते मनात आठवा. डाग, पातळी, वास, आवाज, धूर. एवढं हातात असल्यावर डब्यावरचे आकडे बोलायला लागतात. २०डब्ल्यू-५० म्हणजे काय? डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा कडक थंडीत ऑइल किती चटकन हलतं ते सांगतो, आणि ती थंडी आपल्या कल्पनेबाहेरची असते. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ला, ५डब्ल्यूची उणे ३०ला. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा अंश म्हणजे आपल्याला कुडकुडायला होतं. त्यामुळे पहिल्या आकड्याचं ओझं आपल्याकडे कुणी फार घेत नाही. तरी तो निरुपयोगी नाही. जानेवारीतल्या सकाळी डब्यातली काकवी आठवा, उलटी केली तरी येत नाही. हा घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० ऑइल साधारण दीडशे सेंटिस्टोकच्या वर असतं, पाणी एकाच्याही खाली असतं. पहाटे ते त्याहून कितीतरी घट्ट होतं. पहिल्या दोन सेकंदांची झीज आठवत असेल तर १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यूमधला फरक तिथे आहे.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंशांना ३०चं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या पट्ट्यात येतं, ४०चं १२.५ ते १६.३, ५०चं १६.३ ते २१.९. हे पट्टे आहेत, ठिपके नाहीत. १२.३चं ३० आणि १२.७चं ४० यांच्यात बोटाला कळेल असा फरक नाही. आणि इथे आपण सोबत आणलेलं ते दुकानातलं वाक्य परत काढू. क्रँकच्या बेअरिंगची फट झिजून वाढते. वाढलेल्या फटीतून ऑइल बाजूनं लवकर निसटतं, दाब उतरतो, आणि तो सगळ्यात जास्त उतरतो गरम इंजिन नुसतं उभं असताना, कारण तेव्हा पंपही हळू फिरत असतो. टॉवरची खुंटी अशा वेळी वर येणार नाही. पातळी पूर्ण असूनही मेमधल्या दुपारी सिग्नलवर लाल दिवा मिणमिणत असेल, मिस्त्रीनं घड्याळ, म्हणजे दाबमापक, लावून दाब मोजल्यावर तो खरोखर कमी निघाला असेल, तर एक पायरी जाड ऑइल हे योग्य औषध आहे. वाढलेल्या फटीत ते जास्त टिकतं. चढावर सारखं ऑइल जळत असेल तेव्हाही थोडा आधार मिळतो. पण लाख किलोमीटर झाले, दाब ठीक आहे, खप तेवढाच आहे, तर त्या गाडीला जाड ऑइल कशासाठी? पहाटे ते उशिरा पोचेल, पंपाला जड जाईल, अ‍ॅव्हरेज उतरेल, आणि बदल्यात काही मिळणार नाही. वय हे कारण नाही. लक्षण हे कारण आहे.

हँडबुक उघडा. त्या काळच्या गाड्यांच्या हँडबुकात तापमानाचा एक तक्ता असतो, थर्मामीटरसारख्या आडव्या पट्ट्यांचा. आमच्यातल्या तक्त्यावर वडिलांनी पेन्सिलनं एका पट्टीला गोल केला आहे. आपल्या हवेला त्यातल्या दोन-तीन ग्रेडी बसतात, म्हणजे निवडायला जागा कंपनीनंच ठेवलेली आहे. आधी तिच्या आत फिरा.

डब्यामागे ऑइलची प्रत सांगणारा एपीआयचा गोल शिक्काही असतो. एसएल २००१चा, एसएम २००४चा, एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. साधारणपणे नवं अक्षर जुन्याची जागा घेऊ शकतं, म्हणून १९९८च्या गाडीला एसएन चालतं. अपवाद आहे तो पुशरॉडवाल्या जुन्या इंजिनांचा, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर यांचा. त्यांच्यात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि त्या जागी जस्त-फॉस्फरसचं एक संयुग लोखंडाला वाचवतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या प्रतींनी पातळ ग्रेडींमधल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली. २०डब्ल्यू-५०सारख्या जाड ग्रेडींना ती लागू नाही. म्हणून कुणी पद्मिनी जपून ठेवली असेल आणि तिच्यात २०डब्ल्यू-५०च घालत असेल, तर त्याला कुणी जुनाट म्हणू नये.

‘हाय मायलेज’ असं लिहिलेले डबे अमेरिकेत २०००पासून आहेत, व्हॅल्व्होलिननं आणलेले, ७५ हजार मैलांच्या, म्हणजे एक लाख वीस हजारांच्या आसपास किलोमीटर झालेल्या गाड्यांसाठी. त्यांच्यात कडक झालेल्या रबरी सीलना किंचित फुगवून मऊ करणारी द्रव्यं असतात आणि सफाईची द्रव्यं जास्त. फरशीवर तो डाग होता ना, बारीक, नुसता पाझर? अशा पाझराला त्याचा उपयोग होऊ शकतो. फाटलेल्या सीलला होणार नाही, झिजलेल्या रिंगेला तर नाहीच.

सिंथेटिक घालू का, हेही विचारतात. घालता येतं. पण जिच्या इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ बसला आहे तिच्यात एकदम फ्लश करून महागडं, जोरानं सफाई करणारं ऑइल ओतू नका. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगलं साधं ऑइल घाला आणि दोन-तीन हजार किलोमीटरला बदला, मग परत दोन-तीन हजाराला. गाळ हळूहळू वितळून निघेल. फिल्टर प्रत्येक वेळी.

आमच्या गाडीचं मी काय केलं ते सांगते. वॉल्व्ह सील बदलले, कारण धूर फक्त सकाळचा होता. टॅपेट बसवून घेतल्या. गरम इंजिनावर दाब मोजला, तो ठीक निघाला. मग ५० सोडून १५डब्ल्यू-४० घातलं, तक्त्यात बसणारं, मध्यम किमतीचं. वडिलांचा पेन्सिलचा गोल त्याच पट्टीवर होता हे मी नंतर पाहिलं. गाडी कमी चालते, तरी वर्षातून एकदा बदलतेच, कारण उभ्या गाडीच्या ऑइलमध्येही ओल आणि आम्ल साठतं. पट्टी दर रविवारी. खप अजून पाव लिटर.

तुमचं उत्तर वेगळं येईल. कुणाचं ५० येईल आणि ते बरोबर असेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि हजार किलोमीटर थांबून बघा.

बदलायचं ठरलं असेल तर गाडी पाच किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होऊन घाण सोबत घेऊन उतरेल. ड्रेन बोल्ट सोडा. पहिली धार जाड असते, मग बोटाएवढी, मग दोऱ्याएवढी, मग थेंब. थेंबांना वेळ द्या, गॅरेजात हीच दहा मिनिटं कुणी देत नाही. उतरलेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाखाली नको, ज्या गॅरेजातून ते रिसायकलवाल्याकडे जातं तिथे द्या. बोल्टाला नवा वॉशर. नव्या फिल्टरच्या रबरी कड्यावर बोटानं थोडं ऑइल फिरवा आणि हातानंच आवळा. मग वरून ओता, बारीक धारेनं, थोडं कमीच. झाकण लावा. किल्ली फिरवा आणि त्या लाल दिव्याकडे बघत मनात मोजा.

एक, दोन, तीन. फिल्टर रिकामा आहे, आज जरा जास्त लागेल. चार. विझला.

मिनिटभर चालू द्या, मग बंद करा. पाच मिनिटं पायरीवर बसा. टिपकागदावरचा सकाळचा थेंब आता पूर्ण पसरला असेल, तो वहीत लावून घ्या. मग पट्टी ओढा, पुसा, घाला, परत ओढा. नवं ऑइल पट्टीवर पटकन दिसत नाही, लोखंडाच्याच रंगाचं वाटतं. उन्हाकडे जरा तिरकी धरा.